परभाषकाची मराठी आणि मराठी भाषकांचा प्रतिसाद : ‘असूनही’ या शब्दाची चिकित्सा

प्रास्ताविक

परदेशी व्यक्ती मराठी बोलू लागली की मराठी माणसाला होणारा आनंद सर्वपरिचित आहे. वर्तमानपत्रे त्याची बातमी करतात, सभेत टाळ्या पडतात, आणि वक्त्याने पुढे काय सांगितले याचा श्रोत्यांना बहुधा विसर पडतो. आपल्या वाङ्मयेतिहासात आणि समीक्षेतही या आनंदाचे पडसाद आढळतात. फादर स्टीफन्सपासून आजच्या पाश्चात्त्य मराठी अभ्यासकांपर्यंत ज्या ज्या परभाषकाने मराठीत काही केले, त्याच्याविषयी लिहिताना आपले वाक्य ठरावीक पद्धतीने सुरू होते : ‘परकीय असूनही त्यांनी...’, ‘मातृभाषा मराठी नसतानाही त्यांनी...’.

हा ‘असूनही’ वरवर पाहता गौरवाचा शब्द आहे. प्रस्तुत लेखात त्याच्यामागील भूमिकेची तपासणी करावयाची आहे. परभाषकाच्या मराठीला मराठी समाजाने वेळोवेळी कोणता प्रतिसाद दिला, त्या प्रतिसादात भाषेविषयीची कोणती समजूत दडलेली होती, आणि त्या समजुतीचा मराठीच्या आजच्या स्थितीशी काय संबंध आहे, असे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. लेखाचे प्रतिपादन असे की, कौतुक हा परभाषकाला मिळणारा सर्वांत सौम्य, परंतु सर्वांत दूर ठेवणारा प्रतिसाद आहे. भाषेत खरा प्रवेश मिळतो तो ऐकणारा बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकतो, त्याला मराठीतच उत्तर देतो आणि प्रसंगी त्याच्याशी मराठीतच भांडतो तेव्हा.

प्रतिसादाचे प्रकार

परभाषक मराठी बोलू लागला असता होणाऱ्या प्रतिसादांचे स्थूलमानाने पाच प्रकार करता येतात : कौतुक, भाषाबदल, दुरुस्ती, थट्टा आणि संभाषण. पुण्यामुंबईच्या बाजारपेठेत पहिले दोन प्रकार बहुधा एकत्रच दिसतात. परदेशी विद्यार्थिनी दुकानात जाऊन ‘ही पिशवी केवढ्याला?’ असे विचारते. दुकानदार प्रथम ‘अरे वा! तुम्हांला मराठी येतं!’ असे म्हणतो आणि लगेच किंमत मात्र ‘टू हंड्रेड’ अशी सांगतो. कौतुक मराठीत होते, व्यवहार इंग्रजीत होतो. हाच प्रश्न उत्तर भारतातून आलेल्या एखाद्या तरुणाने अडखळत्या मराठीत विचारला, तर कौतुकाचा भाग गळतो आणि उत्तर हिंदीत येते. दोघांनाही मराठीत उत्तर मिळत नाही, हे या दोन प्रसंगांतील साम्य आहे. एकाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला तीही मिळत नाही, हा त्यांतील भेद.

भाषाबदलामागे नेहमीच तुच्छता असते असे नाही. समोरच्याला सोपे जावे, असा सद्‌हेतूही त्यात असतो. भाषाशास्त्रात याचा विचार झालेला आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९७० च्या दशकात ‘परकीयाशी बोलण्याची भाषा’ हा स्वतंत्र विषय मानला आणि असे दाखविले की, परक्याशी बोलताना भाषक आपली भाषा ज्या रीतीने मोडून सोपी करतो, ती रीतही त्या समाजात रूढ झालेली असते. त्याच दशकात हॉवर्ड जाइल्स यांनी बोलणारा समोरच्याच्या भाषेकडे सरकतो किंवा तिच्यापासून हटतो, यामागील सामाजिक कारणांची मांडणी केली. या दृष्टीने पाहता मराठी भाषक परक्याकडे जरा अधिकच तत्परतेने सरकतो. परिणामी शिकणाऱ्याला मराठी ऐकण्याचीच संधी मिळत नाही. ज्या भाषेत उत्तर मिळत नाही, ती भाषा शिकण्याची निकड कोणालाही वाटणार नाही.

कौतुकाच्या वाक्याचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आपण’मध्ये ऐकणारा समाविष्ट असतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला असतो. इंग्रजी, जर्मन वा फ्रेंच या भाषांच्या सर्वनामांत हा भेद नसल्यामुळे तेथून आलेल्या विद्यार्थ्याला तो कष्टाने आत्मसात करावा लागतो. तो आत्मसात करून विद्यार्थी ‘आपल्या भाषेत’ असे म्हणू लागतो, तेव्हा त्याला मिळणारी शाबासकी ‘आमची मराठी तुम्हांला किती छान येते!’ अशी असते. त्याने ‘आपली’ म्हटलेली भाषा आपण ‘आमची’ करून परत घेतो. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचे स्वागत व्हावे, पण त्याला उंबरठा ओलांडू देऊ नये, असा हा प्रकार आहे.

हा अनुभव केवळ मराठीचा नाही. जपानीसंबंधी रॉय अँड्र्यू मिलर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदविले की, परदेशी व्यक्ती मोडकेतोडके जपानी बोलते तोवर तिचे कौतुक होते, आणि तिचे जपानी जसजसे सफाईदार होत जाते तसतशी श्रोत्यांची अस्वस्थता वाढते. मिलर यांची मांडणी वादग्रस्त ठरली, तरी तिने विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. भाषा आणि वंश एकच आहेत असे ज्या समाजाला मनातून वाटते, त्याला परक्याची मोडकी भाषा सुखावते, कारण ती त्याच्या परकेपणाची खूण असते. निर्दोष भाषा मात्र ही खूण पुसून टाकते. पुढे जपानी साहित्यातच या समजुतीला धक्का बसला. रीबी हिदेओ या अमेरिकन लेखकाला १९९२ मध्ये जपानी कथालेखनासाठी नोमा नवोदित लेखक पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये यांग यी या चिनी लेखिकेला अकुतागावा पारितोषिक मिळाले. मातृभाषा जपानी नसलेल्या व्यक्तीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

स्टीफन्स : श्रोते आणि समीक्षक

मराठीत या प्रश्नाचा विचार फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासूनच करावा लागतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने जवळजवळ चाळीस वर्षे तेथे काढली. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, तरी हस्तलिखितांच्या रूपाने हा ग्रंथ मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी तो तेथूनच पुन्हा प्रसिद्ध केला. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

आपल्या वाङ्मयेतिहासांत स्टीफन्स यांच्याविषयी जे लिहिले जाते, त्यात मराठीच्या स्तुतीपर ओव्यांना अग्रस्थान असते. एका इंग्रजाने मराठीला भाषांमध्ये श्रेष्ठ म्हटले, याचा अभिमान शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचला आहे. परंतु अकरा हजार ओव्यांच्या काव्यातून मूठभर ओव्या वेचून त्यांवरच थांबणे, ही वाङ्मयीन समीक्षा नव्हे. दुकानदाराच्या ‘अरे वा!’चेच ते विद्वत्तापूर्ण रूप आहे. परक्याने आपल्याविषयी काय म्हटले एवढेच आपण ऐकले, परंतु त्याला स्वतःला जे सांगावयाचे होते त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

स्टीफन्स यांच्या पहिल्या श्रोत्यांची गोष्ट वेगळी होती. साष्टीतील नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकावयास काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी हा ग्रंथ रचला गेल्याचे ग्रंथातच सांगितले आहे. या श्रोत्यांना कर्त्याच्या मराठीचे नवल करण्यात रस नव्हता, त्यांना पुराण हवे होते. म्हणूनच स्टीफन्स यांनी ओवीची चाल, श्रोता-वक्ता संवादाची रीत आणि भक्तिसंप्रदायाची शब्दकळा उचलली, तसेच सर्वसामान्यांना कळावे म्हणून तेथील बोलीचे शब्द मिसळले. ‘वैकुंठ’सारखा शब्द ख्रिस्ती स्वर्गासाठी वापरला गेला, तेव्हा दोन धर्मकल्पनांमध्ये जो ताण निर्माण झाला, तो या काव्याचा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. धर्मांतराची सत्ता पाठीशी असलेला कवी धर्मांतरितांच्याच जुन्या भाषिक परंपरेचा आधार घेतो, हा त्यातील अंतर्विरोधही आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले, हे लक्षात घेतले म्हणजे या अंतर्विरोधाची तीव्रता जाणवते. ‘परकीय असूनही’ या चौकटीत अशा प्रश्नांना जागा मिळत नाही.

मोल्सवर्थ, कँडी आणि चिपळूणकर

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. आता मराठी शिकणारा परका राज्यकर्ता होता आणि त्याच्या मराठीला कायद्याचे व पाठ्यपुस्तकाचे बळ होते. विल्यम कॅरी यांनी महाराष्ट्रात न राहताच, श्रीरामपूर येथे पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये कोश सिद्ध केला. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश थॉमस व जॉर्ज कँडी या बंधूंच्या साहाय्याने १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. या कामात मराठी पंडितांचा फार मोठा वाटा होता. १९७५ मध्ये पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि आजही जुन्या मराठीच्या वाचकाला त्याच्याशिवाय चालत नाही.

मोल्सवर्थ आणि मेजर थॉमस कँडी यांच्या भूमिकांत सूक्ष्म फरक आहे. कोशकार मराठी बोलणाऱ्यांकडून शब्द घेत होता, म्हणजेच तो ऐकणारा होता. कँडी यांच्याकडे मात्र शालेय पुस्तके आणि सरकारी भाषांतरे तपासण्याचे काम होते. परशुरामपंत तात्या गोडबोले, कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे मराठीचे जाणकार ज्या व्यवस्थेत लिहीत होते, तिच्यात भाषेवर अखेरचा हात साहेबाचा फिरे. आज आपण जी विरामचिन्हे मराठीची म्हणून वापरतो, त्यांच्या प्रसाराचे श्रेय बव्हंशी कँडी यांना दिले जाते. परभाषकाच्या चुका स्थानिकाने दुरुस्त करण्याऐवजी स्थानिकांच्या चुका परभाषकाने दुरुस्त करण्याचा हा काळ होता.

या परिस्थितीला सर्वांत तीव्र उत्तर दिले ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’चा आरंभच मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीच्या चर्चेने झाला. इंग्रजी वळणाची वाक्ये, भाषांतरित पुस्तकांतील निर्जीव शब्दयोजना आणि मिशनऱ्यांच्या मराठीचा कृत्रिमपणा यांवर त्यांनी केलेले प्रहार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या टीकेत अभिनिवेश होता. शिवाय त्यांच्या स्वतःच्या निबंधाची घडण मेकॉले आणि जॉन्सन यांच्या वाचनातून झालेली होती. असे असले तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. चिपळूणकरांनी परक्याच्या मराठीचे कौतुक केले नाही, ती वाचली. तिच्यातील वाक्यरचना कोठे बिघडते, शब्द कोठे रुसतो, हे त्यांनी दाखविले. मराठीच्या मापाने मराठीतील लेखन मोजले, मग त्याचा कर्ता कोणीही असो. परभाषकाच्या मराठीला समीक्षेचा विषय मानण्याची ही पहिली मोठी घटना आहे आणि ती शत्रुत्वातून घडली, हे विसरता येत नाही.

याच काळात मराठी ख्रिस्ती समाजातही हा विचार चालू होता. या समाजातील लेखकांना मिशनच्या छापील मराठीचा परकेपणा जाणवत होता. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजने रचली. पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, आणि ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. हा प्रतिसाद चिपळूणकरांच्या प्रतिसादाहून निराळा आहे. परक्याच्या मराठीची केवळ चूक दाखवून न थांबता, त्याने हाती घेतलेले काम आपल्या मराठीत पुन्हा करून दाखविणे, असे त्याचे स्वरूप होते.

थट्टेची मराठी

राज्यकर्त्याच्या मराठीचा दरारा ओसरल्यावर तिची जागा विनोदाने घेतली. रंगभूमीवरील आणि चित्रपटातील साहेब ‘त’ ऐवजी ‘ट’ म्हणतो, लिंगवचनाची गल्लत करतो आणि थोरामोठ्यांना बेधडक ‘टू’ म्हणतो. या साहेबी मराठीचे नियम इतके ठरलेले आहेत की, ज्याने आयुष्यात इंग्रज माणसाला मराठी बोलताना ऐकलेले नाही तो नटही ती सहज बोलतो. फर्ग्युसन यांनी सांगितलेली रूढी ती हीच. परक्याची भाषा प्रत्यक्ष ऐकण्यापूर्वीच ती कशी असावी, हे आपण ठरवून टाकलेले असते.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील पेस्तनकाका हे या परंपरेतील उजवे उदाहरण आहे. पारशी वळणाची त्यांची भाषा विनोदाचे साधन आहेच, परंतु लेखक तिच्यावर थांबत नाही. त्या भाषेतून एका वृद्ध, दिलदार माणसाचे जग उभे राहते आणि वाचक चुका मोजण्याचे विसरून जातो. थट्टा आणि संभाषण यांमधील सीमारेषा येथे पुसट होते. दुय्यम दर्जाच्या विनोदी लेखनात मात्र मारवाडी, गुजराती, दाक्षिणात्य किंवा ‘भय्या’ पात्राची मराठी ही त्या पात्राची एकमेव ओळख ठरते. ते पात्र काहीही बोलले तरी हशा ठरलेलाच असतो. याची दुसरी बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे. हिंदी चित्रपटांतील घरकाम करणाऱ्या बाईची वा हवालदाराची मराठी वळणाची हिंदी जेव्हा हशा पिकविते, तेव्हा तो हशा आपल्याला बोचतो.

या थट्टेतही एक उतरंड आहे. युरोपीय माणसाची चूक ‘गोड’ वाटते, शेजारच्या प्रांतातील माणसाची चूक ‘अडाणी’ वाटते, आणि घरातल्या मुलाची चूक ‘लाजिरवाणी’ वाटते. इंग्रजी माध्यमात शिकणारे मराठी मूल ‘तो पुस्तक’ म्हणाले की घरात हशा तरी होतो किंवा उसासा तरी टाकला जातो. तेच वाक्य जर्मन विद्यार्थ्याने उच्चारले तर आपण त्याला चहा पाजतो. चूक व्याकरणाची असते, पण तिचे मोल मात्र ती करणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून ठरते. सतराव्या शतकापासून तमिळ प्रदेशात राहिलेल्या तंजावरच्या मराठी भाषकाची बोली पुण्यात परकी ठरते, यामागेही हेच मोजमाप आहे.

फलटण आणि कासेगाव

स्वातंत्र्योत्तर काळात पाश्चात्त्य अभ्यासकांची जी पिढी महाराष्ट्रात आली, तिचा मराठीशी असलेला संबंध सत्तेचा नव्हता. इयन रेसाइड यांनी १९६० च्या दशकात मराठी कथा आणि ‘गारंबीचा बापू’ इंग्रजीत नेली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा, गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा-धनगर परंपरेचा आणि ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास मराठीतून केला. यांपैकी बहुतेकांची ओळख आपण करून देतो ती ‘असूनही’च्याच चौकटीत. या संदर्भात दोन उदाहरणे मात्र अधिक विचार करावयास लावणारी आहेत.

पहिले मॅक्सीन बर्नसन यांचे. अमेरिकेतून आलेल्या बर्नसन फलटणला स्थायिक झाल्या, १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि तेथे प्रगत शिक्षण संस्थेच्या माध्यमातून शाळा उभी केली. १९७३ चा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध फलटणच्या मराठीतील सामाजिक स्तरभेदांवर आहे. जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी परभाषकांसाठी मराठीचे व्याकरणही लिहिले. या अभ्यासविषयाला प्रस्तुत संदर्भात विशेष अर्थ आहे. मराठी शिकू इच्छिणाऱ्याला स्थानिक समाज बहुधा आपली बोलती मराठी देत नाही, पुस्तकी मराठी देतो. घरात ‘व्हतं’ म्हणणारा माणूस पाहुण्यासमोर ‘होते’ म्हणतो. परभाषकाच्या उपस्थितीत भाषक स्वतःचीच भाषा झाकतो, आणि त्यातून त्याची स्वतःच्या बोलीविषयीची लाज उघड होते. जातीनुसार आणि शिक्षणानुसार एकाच गावात मराठी कशी बदलते हे पाहणाऱ्या अभ्यासिकेने पुढे त्याच गावात मुलांना वाचन-लेखन शिकविण्याचे काम हाती घ्यावे, हा योगायोग नाही. ‘कोणती मराठी आपली?’ या प्रश्नाला परभाषकापेक्षा त्या मुलांनाच अधिक सामोरे जावे लागते.

दुसरे उदाहरण गेल ऑम्व्हेट यांचे. महात्मा फुले आणि ब्राह्मणेतर चळवळ यांच्या अभ्यासासाठी त्या मराठी शिकल्या, सांगली जिल्ह्यातील कासेगावला राहिल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २०२१ मध्ये तेथेच निवर्तल्या. परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न, दुष्काळ, पाणी, शेतकरी, जातिअंत अशा विषयांवर त्या ग्रामीण महाराष्ट्रातील सभांत बोलल्या. त्यांच्या वाट्याला कौतुक आले, तसाच विरोधही आला. शेतकरी संघटना आणि खुले आर्थिक धोरण यांविषयीची त्यांची मते डाव्या चळवळीतील अनेकांना मान्य नव्हती. मोठ्या धरणांच्या प्रश्नावरही त्यांचे मतभेद गाजले. लोक त्यांच्या बोलण्याशी भांडले, त्यांच्या उच्चाराशी नव्हे. ऑम्व्हेट यांच्या मराठीला मिळालेली ही खरी मान्यता आहे. ज्याच्याशी मतभेद व्यक्त करावासा वाटतो, तो पाहुणा राहिलेला नसतो.

याउलट ज्ञानकोशकार केतकरांच्या पत्नी शीलवतीबाई यांच्या ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या आत्मकथनाकडे पाहावे. जन्माने परदेशी असलेल्या या बाईंनी महाराष्ट्रातील आपल्या संसाराची कहाणी मराठीत सांगितली. तिचा उल्लेख होतो तो प्रामुख्याने केतकरांच्या चरित्राचे साधन म्हणून. शीर्षकातील ‘मीच’ या शब्दावर दिलेला जोर आपण ऐकला आहे, असे म्हणता येत नाही. एखादी स्त्री दुसऱ्या भाषेत आपले एकाकीपण कसे सांगते, तिला कोणते शब्द सापडतात आणि कोणते सापडत नाहीत, ही आत्मचरित्राच्या समीक्षेची सामग्री आहे. ती अजून पुरेशी हाताळली गेलेली नाही.

आजचा संदर्भ

हा विषय आता केवळ वाङ्मयेतिहासाचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा म्हणून नोंदविली. त्याखेरीज सव्वा कोटीहून अधिक लोकांनी ती दुसरी भाषा म्हणून नोंदविली. म्हणजे परभाषकाची मराठी हा अपवाद नसून मराठीच्या व्यवहाराचा एक मोठा भाग आहे. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर राज्यात मोठा वाद झाला आणि जूनअखेरीस शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. त्याच सुमारास मीरा रोड येथे मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्याची घटना देशभर चर्चेत आली.

मराठीचा सार्वजनिक व्यवहारातील हक्क न्याय्य आहे आणि तो मागण्यात काहीही गैर नाही. परंतु परक्याच्या मराठीला आपण काय प्रतिसाद देतो, याचा विचार या मागणीत क्वचितच होतो. ‘मराठी बोल’ अशी सक्ती करावयाची, आणि समोरचा बोलू लागला की हसावयाचे किंवा हिंदीत उत्तर द्यावयाचे, यात विसंगती आहे. टाळी आणि थप्पड हे दोन प्रतिसाद परस्परविरोधी भासले, तरी त्यांचे मूळ एक आहे. दोहोंतही मराठी हे बोलणाऱ्याच्या निष्ठेचे प्रमाणपत्र मानले जाते. तिच्यातून काही सांगावयाचे असते, विकत घ्यावयाचे असते, तक्रार करावयाची असते, याकडे दोन्ही ठिकाणी दुर्लक्ष होते.

यावर एक आक्षेप संभवतो. सत्तेच्या भाषांनी वेढलेल्या समाजाला आपल्या भाषेचा सन्मान झालेला पाहून आनंद झाला, तर त्यात दोष कोणता? या आनंदात दोष नाही. इंग्रजी वा हिंदी भाषकाला आपली भाषा कोणी शिकतो याचे नवल वाटत नाही, आणि आपल्याला वाटते, यामागे भाषांच्या विषम प्रतिष्ठेचा इतिहास आहे. परंतु तो आनंद संभाषणाची जागा घेऊ लागला, की तोच न्यूनगंडाचे लक्षण ठरतो. आपली भाषा कोणी शिकण्याजोगी आहे यावर आपलाच विश्वास नसल्यामुळे ती शिकलेला माणूस आपल्याला चमत्कार वाटतो.

समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. स्टीफन्स यांच्या पहिल्या श्रोत्यांनी त्यांचे काव्य पुराण म्हणून ऐकले, नंतरच्या समीक्षकांनी मात्र ते प्रशस्तिपत्र म्हणून वाचले. चिपळूणकरांनी परक्याची मराठी वैरभावाने का होईना, पण भाषा म्हणून तपासली. ऑम्व्हेट यांच्या श्रोत्यांनी त्यांच्या मतांशी वाद घातला. या तीनही ठिकाणी श्रोत्याचे लक्ष बोलणाऱ्याच्या परकेपणावर खिळून राहिलेले नाही. ‘असूनही’ची समीक्षा मात्र तेथेच थांबते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाला व्यावहारिक बाजूही आहे. मातृभाषा मराठी नसलेला विद्यार्थी आज आपल्या वर्गात बसलेला आहे. त्याच्या घरी हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू, गोंडी किंवा भिली बोलली जाते. त्याची उत्तरपत्रिका तपासताना त्याचा मुद्दा काय आहे हे प्रथम पाहावे, वाक्य नंतर दुरुस्त करावे, आणि ते का दुरुस्त केले हे त्याला सांगावे. वर्गाबाहेर त्याने मराठीत प्रश्न विचारला तर उत्तर मराठीतच द्यावे आणि तो अडखळला तर थोडा वेळ थांबावे. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासक्रमातही ‘मराठीची सेवा करणारे परकीय’ असे वेगळे प्रकरण न करता, स्टीफन्स यांना त्यांच्या शतकातील मराठी कवींच्या शेजारी आणि शीलवतीबाईंना मराठी आत्मचरित्रकार स्त्रियांच्या शेजारी ठेवून शिकविता येईल. असे केल्यास त्यांच्या लेखनातील उणिवाही दिसतील आणि त्या सांगण्याचा संकोच उरणार नाही. परभाषकाच्या मराठीला समीक्षेने देण्याजोगा सन्मान तोच होय.